देवांची बदली

शुक्रवार, ५ ऑक्टोबर १९५६. घटस्थापना.
घट बसले. पूजा वसंतने केली, पण चिरंजीवांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. पहिली माळ बांधताना दोनदा तुटली. वन्सं म्हणाल्या, "अपशकुन." मी म्हटलं, "कच्चा दोरा." ह्यांच्या थोरल्या बहीण त्या, माझे केस पिकले तरी मला अजून कालची सूनच समजतात.
लक्ष नसण्याचं कारण: काल कचेरीत हुकूम आला. सगळं खातं भोपाळला. महिनाअखेर हजर व्हायचं.
घर हेच, खासगी बाजारातलं, आणि राज्य तिसरं. आधी संस्थान, मग मध्यभारत, आता मध्यप्रदेश. वसंतच्या कचेरीच्या पाटीचा रंग वाळायला सवड मिळत नाही.
"आई, सगळेच जाऊ. मतलब, क्वार्टर तर मिळूनच जाईल."
"मतलब काय? मराठीत बोल."
सून सुनंदा कोपऱ्यात वाचत होती. मांडीवर तिचा बंडू झोपलेला, त्याच्या पाठीवर पुस्तक उघडं. डॉक्टरीची शेवटची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर. भोपाळचं मेडिकल कॉलेज अगदी नवं, वरच्या वर्गांपर्यंत अजून पोचलेलंच नाही. म्हणजे भोपाळला जाणं म्हणजे सोडणं. हे घरात सगळ्यांना ठाऊक.
नंदादीपाभोवती मला कडी दिसतात, मोरपिसासारखी. एकात एक. सुंदर आहेत. कोणाला सांगितलेलं नाही.

रविवार, ७.
जेवणं झाल्यावर विषय निघाला.
वन्सं: "देव कर्त्या पुरुषाबरोबर जातात, आणि सून देवांबरोबर. ही रीत."
व.: "एक वर्ष हिचं शिक्षण थांबेल, नंतर बघू."
मी: "कॉलेज काय तिच्यासाठी दार उघडून बसणार आहे?"
व.: "आणि बंडूला कोण बघेल? ही ड्यूटीवर. तू..."
"मी काय?"
"तू थकलीस आता."
म्हटलं, जन्मभर वर्ग भरून पोरी सांभाळल्या, दोन वर्षांचा एक बंडू मला जड नाही. चांगलं ठणकावून म्हटलं. मग तोऱ्यात उठले, आणि उंबऱ्याला ठेच लागली. उंबरा नेहमीच्या जागीच होता.
सु.ने बघितलं असावं. तिची नजर तीक्ष्ण.
लग्न ठरताना तिच्या वडिलांना शब्द मी दिला होता. मुलगी शिकेल, शेवटपर्यंत शिकेल. वसंतने नाही, मी. तेव्हा ह्यांचा फोटो भिंतीवर जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि घरात बोलणारी मी एकटीच होते.

मंगळवार, ९.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात किल्ला टेकडीवरून सुटला होता आणि हळूहळू बाड्याच्या चौकावरून तरंगत चालला होता, खाली टांगेवाले मान वर करून बघताहेत. कुठे निघाला म्हणून विचारावं तर कोणी म्हणालं, भोपाळला. जागी झाले तर खिडकीत किल्ला होता, पण धुरकट, दुधात बुडवून काढल्यासारखा. मग स्वप्न कुठलं नि खरं कुठलं, क्षणभर ठरेना. मजेत पडून राहिले. असं मी कधी पडून राहत नाही.
सु. पहाटे उठते, आंघोळ, नंदादीपाची वात सारते, तेल घालते, ओठांतल्या ओठांत स्तोत्र, मग बंडूचा पापा, मग टांगा. ह्या घरात खरी श्रद्धा तिची. वन्संची ती शिस्त. माझी विचारू नये. मी देवाकडे काही मागत नाही. शाळेत अर्ज वाचून वाचून मागणाऱ्यांचा मला कंटाळा आला होता.
कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रेतं चिरायला लावली तेव्हा घरी येऊन न्हाली आणि दारातच उभी राहिली. "आई, ह्या हातांनी देवाला फूल वाहू?"
"साबण लावलास?"
"लावला."
"मग वाहा."
रडत होती ती हसली. वन्संनी तेव्हा आठ दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. नंतर घ्यायला लागल्या.
शुक्रवारी अष्टमी. लग्नानंतर पाच वर्षं महालक्ष्मीपुढे घागर फुंकायची, त्यातलं हे तिचं शेवटचं. नेमकी त्याच दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात ड्यूटी. बदलून मागितली, मिळाली नाही. "दिवेलागणीला येते, आई. काही झालं तरी."
काही झालं तरी, असं डॉक्टरने म्हणू नये.

शुक्रवार, १२. अष्टमी.
देवी फार सुरेख झाली. आम्ही दोघी विधवा, आमचा हात चालत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी उकडीचा मुखवटा घडवला. तांदळाचं पांढरं तोंड, काजळाचे डोळे. मला डोळे दिसेनात, नुसतं पांढरं तेज, पौर्णिमेला खिडकीत चंद्र येऊन बसावा तसं. मला तेवढं पुरलं.
दिवेलागण झाली. बायका जमल्या. सु. नाही. टांगा वाजला की सगळ्या माना दाराकडे. दुसऱ्याच कोणाचा.
वन्सं: "वेळ चालली."
दुसऱ्या दोन नव्या मुलींनी घागरी धुपावून घेतल्या आणि फुंकायला लागल्या. धूर, तो घुमणारा आवाज, काचेच्या बांगड्या. सु.ची घागर पाटावर पालथी. बंडू तिच्यावर हात ठेवून बसला होता.
व. गच्चीत गेला, आला, पुन्हा गेला. जेवताना मला म्हणाला, "स्वतःच्या व्रताला येऊ शकली नाही. पोराला कधी येईल?"
मी न मागता त्याला भात वाढला.
काकू देवी मोडायला आल्या. म्हटलं, राहू दे.
वन्सं: "रात्रीच मोडतात."
"ह्या वर्षी सकाळी मोडतील."
"रीत..."
"वन्सं, देवीला सकाळपर्यंत दुसरीकडे कुठे जायचंय?"
त्यांच्यापुढे आवाज चढवला. लग्न होऊन आले त्यानंतर पहिल्यांदा.

शनिवार, १३.
उजाडता उजाडता आली. साडीला फिनाईलचा वास. सरळ न्हाणीत. ओल्या केसांनी आली आणि देवी अजून बसलेली बघून मटकन खाली बसली.
"आई, तुम्ही ठेवलीत?"
"घागर घे. उशीर करू नकोस, मला फराळाचं बघायचंय."
बायका नाहीत, धूर नाही, गाणं नाही. खिडकीतून दुधी उजेड. तिने घागर तोंडाशी धरली. आधी नुसता श्वास. मग सूर लागला, जाड, लांब, जमिनीतून यावा तसा. भांड्यांच्या फळीवर वाटी थरथरली. मला त्या उजेडात घागर दिसत नव्हती, सु. दिसत नव्हती, देवीही नाही. एक पांढरं काहीतरी होतं आणि त्याला आवाज होता. मी भिंतीला टेकून उभी होते. पाय हलके झाले होते. ह्याच्यापुढे लिहीत नाही.
व. दारात आला होता. ऐकलं, आणि गेला.
मग चहा घेताना तिने सांगितलं. संध्याकाळी निघतच होती, तर एक बाई आली, अडलेली. मोठ्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या टेबलाशी. मूल बाहेर आलं ते निळं, गप्प. हिने तोंड साफ केलं, वर पातळ फडकं ठेवलं आणि फुंकलं.
"जोरात नाही हं, आई. जोरात फुंकलं तर मूल जाईल. फक्त गालातली हवा. घागरीला सुरुवातीला देतो ना, तेवढी."
घोट घेऊन म्हणाली, "नर्स म्हणत होती, बस करो बेटी, कुछ नहीं होगा."
"मग?"
"मी बस केलं नाही."
रडलं म्हणे शेवटी. मांजरासारखं. आईला रक्त फार गेलं होतं, म्हणून ही सकाळपर्यंत थांबली.
वन्सं फुलं निवडत होत्या. म्हणाल्या, "ते काल करायचं होतं. आजचं धरत नाही."
मी म्हटलं, "देवीनं धरलं तर?"
फुलं निवडत राहिल्या.

रविवार, १४. दसरा.
घट उठले. सोनं वाटलं. बाड्यावर गर्दी होती, पण पूर्वीची महाराजांची स्वारी, हत्ती, ते काही नाही. व. बाहेरून आला तो म्हणाला, "पुढच्या वर्षी भोपाळला." पाया पडला. आशीर्वाद दिला, कशासाठी ते मनात ठरवलं नाही.

मंगळवार, १६.
लिहायलाच हवं.
दुपारी बंडूला निजवलं, शाल पांघरली, शेजारी बसले. थोपटत होते. शांत झोपला होता. मी त्याला माझ्या लहानपणची सगळी गाणी म्हटली, जी वसंतलाही कधी म्हटली नव्हती, कारण तेव्हा वेळ नव्हता. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत होती. इतकं निवांत किती वर्षांत वाटलं नव्हतं.
खालून हलवाई ओरडला, "माँजी! लल्ला तो यहाँ बैठा है, पेड़ा माँग रहा है!"
मी म्हटलं, आमचा नव्हे, आमचा झोपलाय.
शाल काढली. खाली तक्क्या.
जिना उतरून, रस्ता ओलांडून गेला होता. टांग्यांचा रस्ता. हलवायाने उचलून वर आणून दिला, तोंडाला खवा. "नज़र रखा करो, माँजी."
नजर ठेव म्हणे.
वन्सं देवळात गेल्या होत्या, व. कचेरीत. सु. परत आली तेव्हा बंडूच्या तोंडाला अजून वेलदोड्याचा वास होता. तिने त्याच्याकडे बघितलं, तक्क्याकडे बघितलं, त्यावरच्या शालीकडे बघितलं. शालीची घडी घातली.

गुरुवार, १८. कोजागिरी.
गच्चीत दूध आटवलं. सु. जवळ येऊन बसली.
"आई, वर बघा. चंद्र कसा दिसतो?"
"गोल."
"किती?"
"मी लहान पोर आहे का?"
"किती, आई?"
खरं तर तीन होते. एकमेकांवर चढलेले, कडेने निळी-तांबडी झालर. तसला चंद्र तिला ह्या जन्मी दिसायचा नाही. तसं सांगितलं. ती हसली नाही. दिवा जवळ आणून पापणी वर केली.
"मोतिबिंदू. दोन्ही. कधीपासून?"
"गेल्या थंडीपासून."
"आणि तुम्ही मला म्हणालात, बंडूला मी बघते, तू कॉलेजात जा."
"म्हणाले. नाहीतर तू गेली असतीस का?"
दुधाचा पेला हातात तसाच. मग म्हणाली, "मी सोडते, आई. जाते ह्यांच्याबरोबर. एवढंच लिहिलेलं असेल."
"कुणी लिहिलं? दाखव."
फार चिडले. ती उठून गेली. वन्सं कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. म्हणजे आम्ही तसं धरून चालतो.

रविवार, २१.
सु.च्या कॉलेजातल्या डोळ्यांच्या प्रोफेसरांनी मला तपासलं. तिनेच ओढून नेलं. पिकायची वाट बघू नका म्हणाले. एक डोळा दिवाळीनंतर लगेच, दुसरा पुढे. मोतिबिंदू काढल्यावर दोन्ही डोळे बांधणार, डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही. "बोलायचं?" विचारलं. "कमीत कमी." सु. तोंड फिरवून हसली असावी.
दृष्टी येईल का? "यायला पाहिजे." मी विद्यार्थिनींना असंच सांगत असे.
मग घरी सगळ्यांना सांगणं भाग पडलं. तक्क्याचं सोडून सगळं सांगितलं.
व.ने हातातला घास खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाला, आणि शांतपणे म्हणाला म्हणूनच लागलं: "मग प्रश्न सुटला. तुझं ऑपरेशन, हिची परीक्षा, दोन्ही इथे होऊ दे. देव, आत्या आणि बंडू माझ्याबरोबर. बंडूला आत्या बघेल."
सु. पांढरी पडली. मला चेहरे दिसत नाहीत, पण पांढरं दिसतं.
"बंडू गेला तर मीही जाईन," ती म्हणाली. "मला जमणार नाही."
"मग चल."
"मग चलते."
संपलं. इतक्या वर्षांचं शिक्षण, वरणभात वाढता वाढता. मी वाढत होते. वरण पानाबाहेर सांडलं.

मंगळवार, २३.
सु. कॉलेजात गेली नाही. ट्रंक काढली. पुस्तकं आतल्या कपाटात, साड्या ट्रंकेत. स्तोत्र मात्र रोजचंच, आवाजात काही फरक नाही. विचारलं, देवावर राग नाही येत?
"राग कशाला, आई? त्याने मला दोन्ही दिलं. धरायला हात दोनच, त्याला तो काय करील."
मी असल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. तरी दिवसभर मनात घोळत राहिलं.
स्वप्न: मी वर्गात, बाकांवर सगळे देव बसलेले, हजेरी घेतेय. एकही ओ देत नाही.

गुरुवार, २५.
वन्सं देव घासत बसल्या होत्या, चिंच लावून. भोपाळची तयारी. आम्ही तिघं चहाला. बंडू पितळी बाळकृष्ण मागत होता. वन्सं मान वर न करता म्हणाल्या:
"वसंता, तुला संध्या येते ना अजून?"
"येते, आत्या. मतलब, थोडी थोडी."
"पुरे. देव तू बघ. मी येत नाही."
व.चा पेला खाली. "आत्या! रोज नैवेद्य, सोवळं, फुलं, कचेरी..."
"मुंज केली होती ती कशाला? लाडू खायला?"
हे वाक्य माझं असायला हवं होतं.
"आणि तूच म्हणालास ना, देव कर्त्याबरोबर."
"ते तुम्ही म्हणालात."
"मग मीच सांगते. देवांना हात जोडले की चालतं. पोराला बघायला डोळे लागतात. ते ह्या घरात माझे आहेत." आणि माझ्याकडे वळून, तशाच कोरड्या आवाजात: "उशीला गाणी म्हणण्यापेक्षा बरं."
हलवायाने सांगितलं असणार. सगळ्या खासगी बाजाराला सांगितलं असणार.
सु. पुढे होऊन त्यांच्या पाया पडायला वाकली. वन्संचे हात चिंचेचे, कोपराने तिला थांबवलं. "शिवू नकोस, सोवळ्यात आहे." मग हळूच, "त्या दिवशीचं धरलं मी."
मी आत जाऊन उगाच डबे हलवले.
रात्रीच्या जेवणाला व. सु.ला विचारत होता, गंध किती उगाळायचं.

रविवार, २८.
वसंत भोपाळला गेला. देव लोकरीच्या कापडात, कापड डब्यात, डबा मांडीवर. सामान हमालाने उचललं, डबा त्याने दिला नाही. एवढं बघितलं आणि बरं वाटलं.
स्टेशनवर:
"आई, नैवेद्य रोज काय?"
"दूध-साखर. देवांना हॉटेलचं चालत नाही. तुला चालेल."
सु.ला म्हणाला, "पास हो." ती म्हणाली, "अहो, वात दोन पदरी करा, एक पदर विझतो." एवढंच. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. मला तर नाहीच. पण गाडी हलल्यावरही तिचा हात वर होता, हा आकार मला नीट दिसला.
तो रागावलेला नाही. पटलेलंही नाही. "उन्हाळ्यात बघू," म्हणाला. बघू.

गुरुवार, १ नोव्हेंबर. नरकचतुर्दशी.
पहाटे अभ्यंग. उटणं, पणत्या. आजपासून नवं राज्य म्हणे. बंबातलं पाणी नेहमीसारखंच तापलं.
प्रत्येक पणतीला माझ्यासाठी झालर. सगळं घर झुलतंय असं वाटतं, जत्रेतल्या पाळण्यासारखं, आणि आवाज नाही. डोळे बरे झाले की हे जाईल. त्याची थोडी हुरहुर आहे. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.
देवघर रिकामं. कोनाड्यात देवांच्या जागी गोल डाग, स्वच्छ. बंडूने तिथे आपला लाकडी घोडा नेऊन ठेवला. मला वाटलं, वन्सं आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी घोडा उचलला, खालची धूळ पुसली, पुन्हा ठेवला.
सु. ड्यूटीला निघताना कोनाड्यापुढे थांबून हात जोडते.
"कोणाला?" विचारलं. "देव तर गेले."
"बदली झालीय, आई. नोकरी सोडलेली नाही."

रविवार, ४. भाऊबीज.
उद्या सकाळी दाखल व्हायचं. सु.ला आत उभं राहू देणार आहेत, प्रोफेसरांच्या मागे. म्हणाले, घाबरायचं नाही. ती घाबरली आहे. वरकरणी मी नाही.
व.चं कार्ड: दूध उतू गेलं, क्वार्टरच्या भिंती ओल्या, देव ठीक. शेवटी, "घागर वाजवायला इथे कोणी नाही." बायकोला लिहिलंय की आईला, कळत नाही. सु.ने कार्ड पुस्तकात घातलं, खूण म्हणून.
वन्संनी माझी पिशवी भरली. विष्णुसहस्रनाम घातलं. म्हटलं, डोळे बांधणार आहेत, वाचू कशी? "पाठ नाही तुला? एवढं शिकून?"
बंडूला खिडकीत घेऊन बसले. उजेडात धरला तरी तोंड पाण्याखाली असल्यासारखं. म्हणून बोटांनी बघून घेतलं: कपाळ वसंतचं, हनुवटी तिची, कानाची पाळी ह्यांची. परत येईन तेव्हा ताळा पाहीन. डोळा उघडला तर.
आता संध्याकाळ. सु. आत पुस्तक मोठ्याने वाचते आहे, वन्सं वाती वळताहेत. बंडू पाटावर बसून घागरीत तोंड घालून फुंकतोय. नुसतं फू फू आणि थुंकी. वन्सं म्हणताहेत, "जोरात नाही रे, जोरात नाही."
अजून सूर लागलेला नाही.